ट्रकभर मांजरं

धंदा कसा करावा हे मला कुणी शिकवायला येऊ नये. लोकांना जिथे नुसतं गवत दिसतं, तिथे मला दुकान दिसतं. पनाय बेटावरून बोटीत बसून आम्ही मिंदानाव बेटावर आलो, तेव्हा नुएवा पावा हे गाव फक्त सरकारी नकाशात होतं. प्रत्यक्षात होतं माणसाच्या डोक्याहून उंच गवत, आणि गवतात डास. बाकीचे सरकारकडून वाट्याला आलेली जमीन नांगरायला लागले. मी चार खांब रोवले, वर पत्रा टाकला आणि मीठ, रॉकेल, साबण नि खिळे विकायला बसलो. या गावातल्या प्रत्येक घराचा पहिला खिळा माझ्या दुकानातला आहे! लहानमोठे सगळे मला ‘नोंग पिलो’ म्हणतात. आमच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग म्हणतात आणि बाईला नांग. माझ्या बाबतीत त्यात थोडा आदर जास्त असतो, असं मला वाटतं.

तर मी मांजरं आणली ती गोष्ट सांगतो.

गवत जाळून जमिनी मोकळ्या केल्या तेव्हा गवतातले उंदीर बेघर झाले, आणि मका पिकला तेव्हा ते सहकुटुंब आमच्याकडे राहायला आले. कणसं ताटावरच सोलून खायचे. उरलेला मका आम्ही नदीकाठच्या कोठारांत भरला, तर तिथे आमच्याआधी हजर! माझ्या दुकानातला साबण खाल्ला. पाद्रीबाबांच्या मेणबत्त्या खाल्ल्या. नोंग आंब्रोसियोच्या पायाला झोपेत चावले. तो म्हातारा आमच्या बोटीतला सगळ्यात काटक माणूस, पण त्या दिवसापासून बूट घालून झोपायला लागला.

हसण्यासारखं होतं, पण हसत कुणी नव्हतं. लागोपाठ दुसरं पीक अर्धं उंदरांच्या पोटात गेलं, तेव्हा लोक परत पनायला जायच्या गोष्टी करू लागले. आंब्रोसियोने तर रेडा विकायला काढला. शेतकऱ्याने रेडा विकायला काढला म्हणजे तो मनाने केव्हाच बोटीत बसलेला असतो. माणसं गेली तर मी खिळे काय उंदरांना विकणार?

अशा वेळी डोकं चालतं ते माझं. दादिआंगास बंदरावर मासे उतरवतात तिथे मांजरं पायात येतात, इतकी. आणि आमच्या अख्ख्या गावात मांजर एकच, तेही नांग सिक्स्ताचं. नांग सिक्स्ता बाजारात सुकी मासळी विकायची. तिचं मांजर दिवसभर माशांची डोकी खाऊन उशीसारखं पडलेलं असायचं. उंदीर त्याच्या शेपटीवरून जात. मी ठरवलं, बंदरावरून ट्रकभर मांजरं आणायची आणि घरटी एक विकायची. मोबदला आत्ता नको, पीक हाती आल्यावर मका द्या.

बायकोला सांगितलं. एउफेमिया भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“पिलो, तू दुकानदार आहेस की तारवात जनावरं भरणारा नोहा?”

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि रविवारी चर्चबाहेर बाकावर उभं राहून बेत जाहीर केला. लोकांना तो इतका पटला की मेयरने तिथल्या तिथे माझं अभिनंदन केलं. फक्त नांग सिक्स्ता हाताची घडी घालून उभी होती. बाजाराच्या तोंडाशी माझी एक मोक्याची जागा होती, तिच्यावर या बाईचा जुना डोळा. ती म्हणाली, “आणि मांजरांनी उंदीर नाही मारले तर?”

“तर बाजारातली माझी जागा तुझी,” मी म्हणालो. शंभर माणसांसमोर म्हणालो. बाकावर उभं राहिलं की माणूस असं बोलतो.

दामासो ड्रायव्हरचा ट्रक ठरवला आणि बंदर गाठलं. धक्क्यावर उभं राहून मी ओरडलो, की जो मांजर आणून देईल त्याला माझ्याकडून गुळाची ढेप. तासाभरात बंदरातली पोरंबाळं, कोळी, म्हाताऱ्या मांजरं घेऊन रांगेत उभ्या! काळी, पिवळी, कान तुटलेली, एक डोळ्याची. आम्ही बांबूच्या खुराड्यांत ती भरत गेलो. पण बंदर म्हणजे बंदर. दुपारपर्यंत धक्क्यावर बातमी पसरली की एक रानातला माणूस मांजरं विकत घेतोय आणि त्यांचं सारण भरून वाफवलेले पाव विकणार आहे. धक्क्यावरच्या पाववाल्याचं गिऱ्हाईक उगाच तुटलं. तो पोलीस घेऊन आला.

पोलिसाने खुराड्यांकडे पाहिलं आणि दरडावून विचारलं, “एवढी मांजरं कशासाठी?”

“उंदरांसाठी,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा बदलला. तो हळू आवाजात म्हणाला, “म्हणजे ऐकलं ते खरं आहे तर. तुमच्याकडचे उंदीर मांजरं खातात.”

आमच्या उंदरांची कीर्ती बंदरापर्यंत पोचली होती, आणि वाटेत वाढत गेली होती. मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात दामासोने माझा पाय दाबला. पोलिसाने टोपी काढली, देव तुमचं रक्षण करो म्हणाला आणि जमलेल्या गर्दीतून आमच्या ट्रकला वाट करून दिली.

परतीचा रस्ता मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. रस्ता कसला, चिखलात चाकांनी पाडलेली घळ. प्रत्येक खड्ड्याला मागून असा काही आक्रोश उठायचा की वाटेतल्या वाड्यांमधल्या बायका दारात येऊन छातीवर क्रूस काढायच्या. त्यातच दामासोला मांजराच्या केसांचा त्रास आहे हे कळलं. त्यालाही ते तेव्हाच कळलं. त्याचे डोळे सुजून मिटत आले, नाक धो धो वाहू लागलं, आणि शेवटी शेवटी तो स्टिअरिंग फिरवायचा आणि मी शेजारून रस्ता सांगायचो. डावीकडे, उजवीकडे, रेडा, थांब, गेला रेडा, चल. मांजरांना द्यायला आणलेले मासे पहिल्याच टेकडीवर ट्रकमधून उडून दरीत पडले होते. म्हणजे मागचं सगळं वऱ्हाड उपाशी!

तरी गावात पोचलो. तेही ऐन बाजाराच्या दिवशी, भर सकाळी, एकही मांजर न गमावता. हे श्रेय मला द्यायलाच हवं. चौकात सगळं गाव उभं होतं. मेयरने कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. एउफेमियासुद्धा केसात फूल माळून आली होती. ट्रक बाजाराच्या मधोमध थांबला, मी टपावर चढलो आणि हात वर केला. माझ्या आयुष्यातला तो फार मोठा क्षण होता, आणि तो बराच वेळ टिकला असता.

पण मेयरने माझ्या स्वागतासाठी बँड बोलावला होता.

ढोल माझ्या ट्रकला जवळजवळ टेकून उभा होता. त्यावर पहिली टिपरी पडली आणि मागे वीज पडल्यासारखं झालं. सगळी मांजरं एकदम उसळली. वरचं खुराडं खाली कोसळलं, त्याखालचं फुटलं, दोर सुटला, आणि मग माझ्या पायांखालून, डोक्यावरून, मेयरच्या सदऱ्यावरून मांजरांचा पूर वाहायला लागला! बँडवाला तुतारी टाकून झाडावर चढला. पूर मात्र सैरावैरा नव्हता. उपाशी मांजराला दिशा कळते. चौकाच्या पलीकडे नांग सिक्स्ताने आठवड्याची सगळी सुकी मासळी मांडून ठेवली होती, आणि शेजारी खारवलेल्या जवळ्याच्या बरण्या.

पुढचं मी टपावरून पाहिलं. नांग सिक्स्ता झाडू घेऊन लढली. खरं सांगायचं तर शूरपणे लढली. पण एक मांजर हाकलावं तर चार येत होती. बरण्या फुटल्या. ज्यांना मासळी मिळाली नाही त्यांनी जमिनीवरचा जवळा चाटला. तिचं स्वतःचं मांजर हा प्रकार बघून चर्चच्या घंटेपाशी जाऊन बसलं आणि कितीतरी दिवस खाली आलं नाही.

दुपारपर्यंत मांजरं पोटं भरून गेली. कुठे गेली, कुणाला कळलं नाही. एकही मागे राहिलं नाही. माझ्यापाशी उरली मोडकी खुराडी आणि शिंकणारा दामासो. लोक माझ्याकडे न बघता पांगले. हसले असते तर बरं झालं असतं.

नांग सिक्स्ता झाडू टेकत ट्रकपाशी आली. तिच्या केसात माशाची शेपटी अडकली होती. ती एवढंच म्हणाली, “जागा उद्या रिकामी कर.”

मी केली. माझी फळकुटं उचलून घरी आलो आणि पांघरूण घेऊन पडलो. एउफेमिया काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई बोलत नाही असं मी प्रथमच अनुभवत होतो. तिने माझ्यापुढे भात ठेवला आणि ताटलीत मासा नव्हता. गावात कुणाच्याच ताटलीत नव्हता.

मला वाटू लागलं, लोक गाव सोडून गेलेच तर आता ते माझ्यामुळेच म्हणतील. तेवढी एक मांजरांची आशा होती, तीही मी घालवली.

काही दिवस असे गेले. मग एका सकाळी नोंग आंब्रोसियो दारात आला. मी पांघरूण डोक्यावर ओढलं. वाटलं, निरोप घ्यायला आलाय.

“पिलो,” तो म्हणाला, “कोठारात आवाज येत नाहीये.”

मी पांघरुणातून विचारलं, “कसला आवाज?”

“तेच तर. कसलाच नाही. आणि माझे पाय बघ.”

मी डोकं बाहेर काढलं. म्हातारा अनवाणी उभा होता.

मी तसाच लुंगीवर त्याच्याबरोबर नदीकडे पळालो. आणि काय पाहिलं म्हणता! पहिल्या कोठाराच्या उंबऱ्यावर कान तुटलेलं पिवळं मांजर. दुसऱ्याच्या छपरावर काळं. पुढच्या मक्याच्या राशीवर दोन, मान टाकून झोपलेली. उलगडा व्हायला मला वेळ लागला नाही. खारट मासळी पोटभर खाल्ली की माणसालाही तहान लागते. ती लागली म्हणून सगळी मांजरं सरळ नदीवर गेली. नदीकाठी आमची कोठारं, आणि कोठारांत उंदीर. अशी जागा सोडून कोण जाईल? प्रत्येकाने आपापलं कोठार निवडलं आणि कामाला लागलं. मी घरटी वाटली असती तर एवढ्या नीट वाटता आली नसती!

त्या हंगामात मका जसा पिकला तसाच्या तसा घरात आला. बांधलेली गाठोडी सुटली. आंब्रोसियोने रेडा विकायचा नाद सोडला, उलट त्याला जोडीदार बघायला लागला. आणि गावच्या जत्रेला मला पहिल्या रांगेत, पाद्रीबाबांच्या शेजारची खुर्ची! निखाऱ्यावर अख्खी डुकरं भाजत होती, माडीचे बुधले फिरत होते. मेयर भाषणाला उभा राहिला. (बँडला या खेपेस लांब ठेवलं होतं.) तो म्हणाला की नोंग पिलोने मुद्दाम मांजरं उपाशी ठेवली, मुद्दाम त्यांना खारट मासळीवर सोडलं, कारण त्याला ठाऊक होतं की ती पाण्यावर जाणार. याला म्हणतात दूरदृष्टी.

मी नुसती मान डोलावली. मोठा माणूस बोलत असताना त्याला मध्येच तोडू नये.

पण नांग सिक्स्ता उठली. “मासळी कुणाची होती?” तिने विचारलं.

मागून आंब्रोसियोने टाळी वाजवली आणि सगळं मैदान टाळ्यांनी भरून गेलं. लोकांनी आम्हा दोघांना एकाच गाडीत बसवलं, पुढे रेडा जुंपला आणि गावभर मिरवलं. गाडीत नांग सिक्स्ता माझ्या कानाशी म्हणाली, “जागा मात्र मी परत देणार नाही.” मी म्हणालो, ठेव. माझ्यासारख्या विजयी माणसाला जागेचं काय! एउफेमिया रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि ती हसत होती. तेवढं पुरे होतं.

मांजराचा मोबदला मी कुणाकडे मागितला नाही. मागणार तरी कसा, मांजरं आपणहून गेली होती. पण माणसं चांगली. दुसऱ्या दिवशी गाड्या भरभरून मका माझ्या दारात आणून ओतला. दुकान भरलं, पडवी भरली, एउफेमियाचं स्वयंपाकघरही भरलं. इतका मका गावात कुणाकडेच नव्हता.

आता गावात जे थोडे उंदीर जीव वाचवून फिरत होते, त्यांना ही बातमी लागलीच. शिवाय माझ्याकडे मांजर नाही. आणायला काय, मी आणतो हो. पण मला पाहिलं की गावातलं प्रत्येक मांजर शेपूट फुगवून पळतं. त्यांना तो ट्रकचा प्रवास आठवतो. एउफेमिया आता बोलते. बरंच बोलते.

परवा नोंग आंब्रोसियो टोपी हातात घेऊन आला. बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, “पिलो, रागावू नकोस. माझ्या मांजराला काम नाही, बिचारं खंगत चाललंय. तुझ्याकडे उंदीर आहेत म्हणे. दोनचार मिळतील?”

मी त्याला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, “लहान हवेत की मोठे?”