जित्याला वजन नसतं

कुणी ओझं घेऊन हौसाआक्कांच्या समोरून सरळ निघून गेलाय, असं आमच्या चाळीत कधी घडलं नव्हतं. "दे हिकडं, तुझ्या हाताला येत न्हाई ते," म्हणत त्या उठायच्या, आणि समोरच्यानं नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत गॅसची टाकी त्यांच्या खांद्यावर गेलेली असायची. मी आणि दादा शिक्रापुरात त्यांच्याकडे खोली घेऊन राहायला आलो, त्या दिवशी आमची लोखंडी ट्रंक त्यांनी एकटीनं आत नेली.

"काय भरलंय रं हिच्यात?" त्यांनी दादाला विचारलं.

"बहिणीची पुस्तकं."

आक्का ट्रंकेसकट थांबल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "हे सगळं हिच्या डोक्यात जायचंय? मग पोरीला पाण्याचा हंडा कुणी उचलू देऊ नका. मान मोडंल."

दादा रांजणगावला कंपनीत होता आणि मी शिरूरच्या कॉलेजात. आमचं गाव कासुर्डीच्या बाजूला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाशीही बोलताना मला आधी मनात वाक्य जुळवावं लागे. आक्कांपुढे त्याची गरज पडली नाही. माझ्या वाट्याचंही त्याच बोलायच्या.

त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढपाळांचं. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. पुढे त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, हायवेजवळच्या जागेत ओळीनं खोल्या बांधल्या, कामगार भाडेकरू आले, आणि कळप विकला गेला. मालक वारले. मुलगा नोकरीसाठी गुजरातेत गेला. मागच्या बाजूला दोन मेंढ्या मात्र बांधलेल्या होत्या. त्या कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "घराला आपला वास नको का काईतरी?"

त्या वर्षी त्यांच्या डाव्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी ती काढली आणि त्या बाजूला राहिलेली पोकळी भरायला आत एक मऊ पिशवी बसवली. सगळं सुखरूप पार पडलं. पण शेजारच्या ताराबाई भेटायला आल्या आणि चहा यायच्या आतच त्यांनी विषय काढला.

"हौसे, गाठ काढली ते बरं केलं. पण भर कशाला घातली गं? या वयात कुणाला दाखवायचंय?"

मला कुठे बघावं कळेना. आक्का मात्र शांत होत्या.

"तारे, घोड्यावर बिऱ्हाड लादलंयस का कवा?"

"मी कशाला लादतीय?"

"मग ऐक. एका अंगाला हंडे-भांडी आन् दुसऱ्या अंगाला काय न्हाई, असं घोडं वेशीपातूर तरी जाईल का? तिरपं चालून पाठ सोलून घेईल. मला अजून लई चालायचंय."

ताराबाई तशाच उठल्या. त्यांचा चहाही आक्काच प्यायल्या.

डॉक्टरांनी पथ्यं सांगितली तेव्हा मी सोबत होते. वजन उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, मोटरसायकलवर धक्के खायचे नाहीत. चालायचं, पण हळू. त्यातलं 'हळू' आक्कांना जमेना. सकाळी मी त्यांच्याबरोबर शेताच्या बाजूला फिरायला जायचे, तर पाच पावलांत त्या पुढे आणि मी धापा टाकत मागे.

"आक्का, हळू म्हणाले होते डॉक्टर."

"हळू चालायला माझ्यापाशी हळू चालणारं जनावर नगं का? तू हो पुढं. लंगडी मेंढी पुढं घातली की अख्खा कळप सबुरीनं जातो."

मी लंगडी मेंढी होऊन पुढे चालले. वाटेत कुणी भेटलं की आक्का मागून अभिमानानं सांगायच्या, "शिकलेली हाय. लई सावकाश चालती."

तपासणीला परत गेलो, तेव्हा टाक्यांच्या जागी सूज होती. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"काही जड उचललंत?"

"न्हाई बा. हंडा न्हाई, टाकी न्हाई, पीठसुदीक न्हाई. इचारा पोरीला."

मी मान हलवली. ते खरंच होतं.

"मग दिवसभर करता काय?"

"काय न्हाई. मेंढी व्यालीय, तिचं कोकरू घेती काखंत. आईमागं हिंडून दमतं ते."

"आक्का, कोकरू म्हणजे वजन नाही का?" डॉक्टर म्हणाले.

आक्कांना मनापासून आश्चर्य वाटलं. "जित्याला कुठं वजन असतं, सायेब? ते आपणहून धरून बसतं की!"

डॉक्टरांनी पथ्यांच्या यादीत कोकरूही घातलं.

त्यानंतर आक्कांनी सगळं तंतोतंत पाळलं. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम दिला. "मुंगीगत," असं स्वतःलाच बजावत त्या तो करायच्या. कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत बोटं पोचली त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून दाखवलं. दुखत असणार, कारण ओठ घट्ट मिटलेले होते. पण "दुखतं का?" असं विचारलं की म्हणायच्या, "दुखतंय त्येला दुखू दे. मला काम हाय."

एवढी घाई त्यांना कशाची होती, हे मला कळत नव्हतं. पाण्याला, सरपणाला, टाकीला आता चाळीतली माणसं होती. आक्कांनी ओझं बघितलं की त्या उठणार, हे ठाऊक असल्यानं सगळ्यांनी एक युक्ती काढली होती. मागच्या कुंपणात फट होती. हातात काही जड असलं की तिथून आत यायचं. दादानंच ती वाट शोधली होती आणि सगळे तिथून ये-जा करत होते. आम्हाला वाटत होतं, आपण त्यांना जपतोय.

एका संध्याकाळी मी ओट्यावर वाचत बसले होते. कंपनीची बस हायवेवर थांबल्याचा आवाज आला. आक्का पदर सारखा करून बसल्या. माणसं उतरली, बोलण्याचे आवाज जवळ आले, आणि घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले.

आक्का म्हणाल्या, "मालक गेल्यावर मला लौकर उमगलं बघ. नुसतं बसलेल्या बाईपाशी कोण थांबत न्हाई. हातातलं घेतलं की माणूस मागं येतं. आन् ओझं उतरंपातूर चार शब्द बोलतं."

मनात वाक्य जुळवत राहिले आणि ते जुळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बसच्या वेळेला मी रस्त्यावर गेले. शेवटच्या खोलीतला महेंदर, बिहारचा, खांद्यावर पिठाची पिशवी घेऊन उतरला. मी त्याला पुढून चल म्हणाले.

"चाची उठा लेंगी तो?" तो घाबरला.

"तू चल तर."

तो अंगणात आला. आक्का उठल्या आणि त्यांचा डावा हात सवयीनं पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. महेंदरनं पिशवी आणखी घट्ट धरली, थोडा विचार केला, आणि दुसऱ्या हातातला जेवणाचा डबा त्या हातात ठेवला.

"चाची, ये जरा पकडिए."

आक्कांनी डबा कानाशी नेऊन हलवला. "रिकामा हाय. काय खाल्लंस?"

"आलू."

"कालबी आलूच असंल तुझा. बस खाली, काय झालंय ते सांग."

महेंदर खांद्यावरची पिशवी न उतरवताच ओट्यावर बसला आणि सुपरवायझर, गाव, आईचा खोकला, असं एकात एक सांगत सुटला. आक्कांना हिंदी अर्धीच कळत होती. त्या "व्हय, व्हय" म्हणत ऐकत राहिल्या. त्याचं बोलणं संपेपर्यंत डबा त्यांनी खाली ठेवला नाही.