सोबतीला नाना भामरे

हृदयाची तपासणी करून घ्यायला आलेल्या माणसाला दवाखान्यात गरम बटाटेवडे नेऊन देणारा, आणि वर "दोन्ही खा, तेल निथळवत बसू नका" म्हणून दटावणारा गृहस्थ मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. नाना भामरे. पंचवटीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात.

नाना मूळचे नामपूरचे. सगळी हयात तिथल्या कांदा मार्केटात लिलाव पुकारण्यात गेली, त्यामुळे त्यांनी साधं "दूध आलं का?" विचारलं तरी रामकुंडावरची कबुतरं उडतात. बायको गेल्यावर ते नाशिकला आले. मुलगा हैदराबादला नोकरीत. माणसांची प्रतवारी ते कांद्यासारखीच करतात. टिकाऊ माणूस म्हणजे 'उन्हाळ', चार दिवसांत नरम पडणारा तो 'लाल'. मी कशात मोडतो हे मी कधी विचारलं नाही. त्यांनी न विचारताच सांगितलं.

आमच्या गल्लीत कोणाला हृदयाचा थॅलियम स्कॅन सांगितला, की नाना पिशवी घेऊन हजर. बोलावणं लागत नाही. गेल्या हिवाळ्यात दोन जिने चढून मला धाप लागली, डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, आणि तासाभरात नाना आमच्या सोफ्यावर होते.

"भिऊ नका भाऊ. काही नाही शे त्याच्यात. आधी सुई टोचतात. औषध रक्तातून काळजात जातं आणि तिथून उजेड मारतं. यंत्र फक्त छातीभोवती फिरून बघतं. कांदा वरून चकाकतो, आत मान सडलेली असते. वरून कोणाला कळतंय? हे न कापता सांगतं!"

"आणि वडे?"

"औषध लिव्हरातही जाऊन बसतं. तेलकट खाल्लं की तिथून निघतं. नाहीतर फोटोत काळजाच्या शेजारी तुमचं लिव्हरच मिरवायचं."

हे त्यांचं बोलणं दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही खरं ठरवलं, तेव्हा माझा नाईलाज झाला.

अट एकच होती. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. माझे गुडघे सरकत्या पट्ट्यावर पळण्याच्या लायकीचे नसल्याने हृदयाला औषधानेच पळवायचं होतं, आणि चहा घेतला की ते औषध चालत नाही. मी चहाचा थेंब घेतला नाही. तपासणीच्या सकाळी सुई टोचायला आलेल्या मुलीने विचारलं, "काका, चहा घेतलात का?" मी छाती काढून म्हणालो, "छे! फक्त चार खारी खाल्ल्या."

"कोरड्या?"

"कोरडी खारी कोण खातं? बायकोच्या कपात बुडवून."

मुलीने हातातली सुई खाली ठेवली. माझ्या नावाचं उजेड मारणारं औषध पहाटे मुंबईहून शिशाच्या डबीत आलं होतं, आणि ते दर सहा तासांनी अर्धं होतं. उद्यासाठी ठेवून भागत नाही, म्हणजे ते वाया गेलं. नाना बाहेरच्या बाकावरून उठले आणि लिलावाच्या आवाजात म्हणाले, "अहो, चार खारी म्हणजे अख्खा कप आत गेला!" सगळा विभाग माझ्याकडे बघत होता.

पुढच्या खेपेला मी पाण्याकडेसुद्धा संशयाने बघत होतो. तपासणी नीट झाली. दोष किरकोळ निघाला, गोळ्यांवर भागणारा. रिपोर्ट घेताना तीच मुलगी नानांना म्हणाली, "नाना, तुमची स्वतःची तारीख कधी घ्यायची? चिठ्ठी दिवाळीपासून पडून आहे."

नानांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला. "बघू ना."

रिक्षात मी कारण विचारलं. नाना बाहेर बघत म्हणाले, "फॉर्मवर सोबतच्या माणसाचं नाव लागतं, भाऊ."

"मुलाला कळवा की."

"कळवलं तर येईल. रजा टाकून येईल. आणि दोन दिवस घड्याळ बघत बसेल. नको."

"मग मी येतो."

ढिगातला कांदा हातात घेऊन बघावा तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही?"

"मी."

"माल लाल शे," ते म्हणाले, "पण चालेल."

ठरल्या दिवशी फॉर्म मी भरला, आणि घाईत रुग्णाच्या जागी स्वतःचंच नाव लिहिलं. आतून पुकारा माझा झाला. एरवी नानांनी विभाग डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी ते हसलेसुद्धा नाहीत. गावभराला धीर देणाऱ्या माणसाला शर्टाची बटणं सोडवता येत नव्हती. ती मी सोडवली.

यंत्राखाली जायच्या आधी त्यांनी आपला जुना बटणांचा फोन माझ्या हातात दिला. "पोराचा फोन आला तर सांगा, नाना बाजारात गेलेत."

दार बंद झालं. आत त्यांना दोन्ही हात डोक्यावर घेऊन निश्चल पडायचं होतं. मी फोन मांडीवर धरून बसलो. पाच मिनिटं, दहा, वीस. फोन काही वाजला नाही.

नाना बाहेर आले ते आधी माझ्या मांडीकडे बघत. "आला होता का?"

खोटं बोलण्यात मी कच्चा. तरी म्हणालो, "आला होता ना! सांगितलं मी, बाजारात गेलेत."

"काय म्हणाला?"

"म्हणाला... उन्हात फार हिंडू नका म्हणावं. आणि वेळेवर जेवून घ्या."

नानांनी फोन घेतला. एक बटण दाबून धरलं. फोन गाणं म्हणत हळूहळू जागा झाला. माझे कान तापले.

"बंद करूनच दिला होता, भाऊ," ते म्हणाले. "चालू ठेवला असता आणि वाजला नसता, तर आत पडून ते न वाजणंच ऐकत बसलो असतो."

त्यांनी फोन खिशात टाकला आणि माझा दंड धरला.

"पण जेवून घ्या म्हणाला ना?"

"म्हणाला."

"मग चला."