आखाडातली आयपीए

फस्स… असा बारीक आवाज झाला आणि सोप्यातली शांतता मोडली. पृथ्वीराजनं बिअरचा डबा उघडला होता.

ती शांतता जुनी होती. लग्नाला सहा वर्षं झाली तरी अंकिताच्या वडिलांचं, रिटायर सुभेदार लालासाहेबांचं, जावयाशी बोलणं 'पाऊस हाय का तिकडं?' याच्या पुढं सरकलं नव्हतं. त्यांना जावई फौजी हवा होता, मिळाला कॉम्प्युटरवाला. म्हणून यंदा आखाडाचं मटण खायला रहिमतपूरला येताना पृथ्वीराजनं सासऱ्यांसाठी भारीतली क्राफ्ट बिअर आणली. ऑफिसात कुणीतरी सुचवली होती. चाखून मात्र त्यानंही पाहिली नव्हती.

"आबा, ही इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए," ग्लास भरत तो म्हणाला. "इंग्रजांच्या काळात इकडच्या साहेबांसाठी बोटीनं यायची. टिकावी म्हणून हॉप्स जास्त. म्हणजे एक प्रकारची फुलं. जरा कडसर असतात."

लालासाहेबांनी घोट घेतला. मिशीचं एक टोक हललं.

"लय भारी," ते म्हणाले.

थोड्या वेळानं ते भरलेला ग्लास घेऊन स्वयंपाकघरात आले. सासूबाई, मनुबाई, रस्सा ढवळत होत्या, अंकिता भाकरी थापत होती आणि तिची पाच वर्षांची लेक राजनंदिनी उंबऱ्यावर बसून दूध पीत होती.

"अंके, हे मोरीत वत."

"भारी हाय म्हणालात की आबा."

"आसामात मलेरियाची गोळी खायचो, ती हिच्यापुढं गोड म्हणायची. उगं न्हाई इंग्रज पळालं."

"आवं, मग सांगा की तसं त्यास्नी," मनुबाई म्हणाल्या.

"जावई हाय त्यो. हौसेनं आणलंय. त्याचं तोंड कुठं पाडू?"

ते गेले, तोवर पृथ्वीराज आला. त्याच्याही हातात भरलेला ग्लास.

"अंकिता, ओतून टाक ना. कारल्याच्या रसात साबण कालवलाय."

"मग आबांना सांगा, नका पिऊ म्हणून."

"कसं सांगू? सहा वर्षांत पहिल्यांदा 'लय भारी' म्हणालेत."

हाताचं पीठ धुऊन अंकितानं एक ग्लास उचलला. मोरीपर्यंत नेला. संत्रं सोलताना साल डोळ्यात उडते ना, तसा वास आला. तिनं एक घोट घेतला. जिभेच्या मागं लिंबोळी फुटली. खरंच इतकं कडू आहे का, हे बघायला दुसरा घेतला. तिसऱ्याला काही कारण नव्हतं.

"वतलं का गं?" मनुबाईंनी विचारलं.

"वतते."

बाहेर मात्र नवलच चाललं होतं. घोट लांबवायचा म्हणून लालासाहेब सियाचीनची हकिकत सांगत होते, आणि हकिकत संपली तर प्यावं लागेल म्हणून पृथ्वीराज पुढचा प्रश्न विचारत होता. एकाचा ग्लास आत जाऊन रिकामा आला की दुसरा मायेनं भरत होता. दोघंही आळीपाळीनं स्वयंपाकघरात येत आणि अंकिताकडं कृतज्ञतेनं बघून जात. दुपार कलली तशी मिलिटरीची आणि कॉम्प्युटरची चांगलीच गट्टी जमली.

डबे संपले. दोघांनी एकदम सुस्कारा सोडला. पृथ्वीराजला वाटलं, सासरे हळहळले. त्यानं पुण्याहून सांगलीला निघालेल्या भावाला फोन लावला.

"रविराज, अख्खा बॉक्स घे. वाटेत रहिमतपूरला टाकून जा. आबांना फार आवडलीय."

"कशाला तसदी," लालासाहेब क्षीण आवाजात म्हणाले. पण जावयाचा फुललेला चेहरा बघून पुढं म्हणाले, "म्होरल्या आखाडालाबी हीच आणा, पाव्हणं. चार दिस ऱ्हायाच्या बेतानं या."

सहा वर्षांत हे आमंत्रण त्यांनी स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदा दिलं होतं. आत अंकिताचे डोळे भरून आले. आता खरं सांगायची सोय उरली नाही.

संध्याकाळी रविराज बॉक्स ठेवून गेला. सासरे-जावई त्या बॉक्सकडं बघत राहिले.

"अंके, आत ठिव," एक हळूच म्हणाले.

"अंकिता, आत ठेव," दुसरा त्याहून हळू.

तिनं जरा जास्तच चपळाईनं बॉक्स उचलला आणि ओट्याखाली सरकवला. राजनंदिनी मागोमाग आली. आईच्या ओढणीला दुधाच्या मिशा पुसून तिनं वर पाहिलं.

"आई, आबांना नको, पप्पांना नको. आजी तर पीतच नाही. मग एवढं सगळं संपवणार कोण?"

मनुबाईंची पळी रश्श्यात थांबली. अंकिता खाली वाकून लेकीच्या मिशा पुसत राहिली, त्या पुसून झाल्यावरसुद्धा.