तीनशे सोळा नगांची होडी

“हे काय?” एका पितळी खटक्यावर बोट ठेवून बाईंनी विचारलं.

“एकशे चार,” नोंदसाहेब म्हणाले.

“एकशे चार म्हणजे?”

“ते रजिस्टरमध्ये बघावं लागेल.”

बाईंनी आपल्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादांकडे पाहिलं. दादांनी हताशपणे वर पाहिलं आणि डोकं आपटून घेतलं, कारण होडीचं छत फार वर नसतं. सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि संध्याकाळी पाचपर्यंत या तिघांना या अडतीस फुटी शिडाच्या होडीत राहायचं होतं.

नोंदसाहेब हे एका कारखान्यातून निवृत्त झालेले स्टोअरकीपर. हे नाव त्यांना कारखान्यातच पडलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी एक तत्त्व पाळलं होतं: मालावर फक्त नंबर टाकायचा, नाव रजिस्टरात लिहायचं. मालावर नाव लिहिलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वस्तू काय आहे ते कळतं आणि मग ती जागेवर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यापुरतं ते खरंही असेल. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी होडी घेतली आणि डोलकाठीपासून चमच्यापर्यंत तिच्यातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. एकूण नग तीनशे सोळा. तीन वर्षांत होडी धक्क्यापासून हातभरही हलली नव्हती, पण नोंदी पूर्ण होत्या.

हा सगळा खटाटोप होता एका स्वप्नासाठी. सहा महिने, समुद्र आणि फक्त ते दोघं, नोंदसाहेब आणि त्यांची बायको, म्हणजे बाई. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण घर कायम भरलेलं. आधी आई-वडील, मग धाकटी भावंडं, मग मुलं, मग मुलांचे मित्र. बायकोशी सलग अर्धा तास बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या निवृत्त झाल्या त्याच दिवशी नोंदसाहेबांनी विचारलं, “येशील का?” बाई तीन वर्षं नाही म्हणाल्या. गेल्या आठवड्यात मात्र म्हणाल्या, “एक दिवस राहून बघते. धक्क्यालाच. पाच वाजेपर्यंत पाय कोरडे राहिले तर येते. नाहीतर होडी विकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही.”

आणि पंच म्हणून त्यांनी दादांना बोलावलं. दादा म्हणजे नव्वद किलोंचा विरोधी पक्ष. होडी घेतल्या दिवसापासून ते बहिणीला एकच सांगत आले होते, “चिमे, माणसाला पाय दिलेत ते जमिनीसाठी.”

नोंदसाहेबांनी होडी दाखवायला सुरुवात केली. नमनालाच घडाभर तेल गेलं. डोलकाठी कशाची, ताणलेल्या तारा किती, पुढचं शीड दोरी ओढली की पडद्यासारखं कसं गुंडाळतं.

“हे सुकाणूचं चाक, नंबर नऊ. हा ऑटोपायलट, नंबर दहा. हा लावला की होडी आपली आपण चालते.”

“मग तुम्ही काय करणार?” बाईंनी विचारलं.

“नोंद.”

खाली केबिनमध्ये झुलती शेगडी होती. होडी कितीही कलली तरी शेगडी सरळच राहते आणि चहा सांडत नाही, हे त्यांनी शेगडीला झोका देऊन दाखवलं.

“आमच्या घरची शेगडी कलतही नाही,” दादा म्हणाले.

जेवणाचं टेबल खाली बसवलं की त्याचा पलंग होत होता. बाकांखाली कप्पे होते, कप्प्यांखाली पाण्याची टाकी होती आणि जिन्याच्या बाजूला, बोळासारख्या अरुंद जागेत, एका माणसाचं अंथरूण होतं. बाई प्रत्येक गोष्ट हात लावून बघत होत्या. तळात झिरपलेलं पाणी आपोआप उपसणारा एक पंपही होता, पण तो नोंदसाहेबांनी दाखवला नाही. तो मधूनच घरघर करायचा. बाई दचकतील म्हणून त्यांनी सकाळीच रजिस्टर बघून त्याचं बटण बंद करून ठेवलं होतं.

साडेअकराला दादांनी करंगळी दाखवली.

“सोपं आहे,” नोंदसाहेब म्हणाले. “आधी एकाहत्तर उघडा, म्हणजे समुद्राचं पाणी आत येतं. बहात्तर उभा करा. त्र्याहत्तरचा दांडा वीस वेळा वरखाली. मग बहात्तर आडवा, पुन्हा दहा वेळा त्र्याहत्तर आणि शेवटी एकाहत्तर बंद. शेवटचं विसरू नका.”

“जावईबुवा, मला संडासात जायचंय. परीक्षेला नाही.”

पाच मिनिटांनी दादा घामाघूम होऊन पण विजयी मुद्रेने बाहेर आले. “झालं. फार काही कठीण नाही तुमचं,” असं म्हणून ते बोळातल्या अंथरुणात शिरले आणि क्षणात घोरायला लागले.

मग जे दोन-अडीच तास गेले, ते नोंदसाहेबांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. दोघं वर चाकापाशी बसली. डबा खाल्ला. होडी इतकी हळू हलत होती की जणू कुणी पाळणा हलवून सोडून दिला असावा. बाई शाळेतल्या गोष्टी सांगत होत्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, “बरं वाटतंय हो.”

नोंदसाहेबांना भरून आलं. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण सवय नव्हती. ते म्हणाले, “चहा आणतो.”

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना स्वतःच्या चपला दिसल्या. त्या चालत होत्या. केबिनच्या फळ्यांवर चांगलं चार बोटं पाणी होतं आणि त्यातून चपलांची जोडी शेगडीकडून टेबलाकडे निघाली होती. नोंदसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

“काय हो, पडलात की काय?” वरून बाई.

“नाही नाही! तू खाली येऊ नकोस. चहा वरच आणतो.”

पंप लावला की दहा मिनिटांत पाणी जाईल आणि तिला कळणारही नाही, असा त्यांचा हिशेब. ते बटणांच्या फळीपाशी गेले. बटणं चोवीस आणि प्रत्येकावर नंबर. सकाळी बंद केलेला नंबर कुठला, ते मात्र काही केल्या आठवेना. त्यांनी अंदाजाने एकशे एकतीस दाबलं.

“अहो, भर दुपारी काठीवरचा दिवा कशाला लावलात?”

“तपासणी!”

त्यांनी एकशे तेहेतीस दाबलं. भोंगा असा काही वाजला की धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांतून माणसं बाहेर डोकावली.

“तपासणी!” नोंदसाहेब बाईंनी विचारायच्या आधीच ओरडले आणि घाईघाईत त्यांनी एकशे पस्तीस दाबलं. होडीच्या नाकाकडे भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. नांगर सुटला होता आणि पाठोपाठ त्याची साठ मीटर साखळी समुद्रात चालली होती.

एवढं झाल्यावर कुठलीही बायको खाली आली असती. बाई तर मुख्याध्यापिका होत्या. त्या जिना उतरल्या आणि घोट्याभर पाण्यात उभ्या राहिल्या.

“हे काय?”

“पाणी,” नोंदसाहेब पुटपुटले.

“याला नंबर नाही?”

नोंदसाहेबांनी मान खाली घातली. खाली पाहिलं तर पाणीच दिसत होतं, म्हणून ती पुन्हा वर केली. “रजिस्टर काढलं पाहिजे,” ते म्हणाले. “त्यात सगळं आहे.”

“कुठंय ते?”

रजिस्टर होतं बोळातल्या अंथरुणाखालच्या कप्प्यात, अगदी तळाला. रजिस्टर चोराच्या हाती लागलं तर सगळ्याच नंबरांचा अर्थ गेला, म्हणून त्यांनी ते होडीतल्या सगळ्यात अवघड जागी ठेवलं होतं. त्या जागेवर आता दादा घोरत होते.

“दादा, ऊठ! होडी बुडतेय!”

दादा उठले, म्हणजे उठून बसायला गेले आणि पुन्हा डोकं आपटलं. आत उलटायला जागा नव्हती आणि आल्या वाटेने निघायला पोट आडवं येत होतं. शेवटी बहीण आणि मेहुणा यांनी एकेक पाय धरला आणि ओढून काढलं.

“मी काही केलं नाही!” बाहेर येताच दादा म्हणाले. “सांगितलं तसंच केलं. एकाहत्तर उघडला, बहात्तर उभा...”

“आणि बंद कुठला केला?”

दादांनी विचार केला. “बंदही करायचं होतं?”

नोंदसाहेबांनी कप्प्यातून रजिस्टर बाहेर काढलं आणि ते मटकन पायरीवर बसले. त्यांनी आयुष्यभर दौत आणि टाक वापरला होता, बॉलपेनच्या अक्षराला वजन नसतं म्हणून. तीन वर्षांच्या नोंदी पानापानांतून निळ्या होऊन ओघळत होत्या आणि केबिनमधल्या पाण्यात पसरत होत्या.

“संपलं,” ते म्हणाले. “आता कुणालाच काही कळणार नाही.”

“होडीच्या तळाला भोकं किती?” बाईंनी विचारलं.

“सात व्हॉल्व्ह आहेत. पण नंबर पाण्याखाली गेलेत, आता त्यातला एकाहत्तर कुठला ते बघायला रजिस्टर...”

“सगळे बंद करा.”

“सगळे? असं कसं? ज्याचा दोष आहे तोच...”

शाळेत दंगा झाला की आधी सगळ्यांना खाली बसवायचं आणि दोष नंतर शोधायचा, ही बाईंची जुनी पद्धत. त्यांनी पदर खोचला. मोरीच्या खाली, बाकाच्या मागे, संडासाच्या कोपऱ्यात, जिथे जिथे दांडा दिसला तिथे तिथे हात घालून त्यांनी तो आडवा केला. सातवा फिरला आणि कुठेतरी चाललेला खळखळाट थांबला. होडी एकदम शांत झाली.

मग तिघांनी मिळून पाणी उपसलं. बाईंनी बादली घेतली, दादांनी पातेलं घेतलं आणि नोंदसाहेबांच्या हाती बाईंनी किटली दिली. ते निमूटपणे किटलीने समुद्राचं पाणी समुद्रात ओतत राहिले. शेवटची बादली गेली तेव्हा बरोबर पाच वाजले होते. बाईंची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती.

“उद्या जाहिरात देतो,” नोंदसाहेब म्हणाले. “तू म्हणाली होतीस तेच खरं. पुन्हा विषय काढणार नाही.”

बाई केस बांधत होत्या. “कसली जाहिरात? मी येतेय.”

“काय?”

“मला वाटायचं, होडीत काही झालं तर आपण करणार काय? आज झालं. केलं. आता कसली भीती? सोमवारी सकाळी सातला निघू.”

तीन वर्षं ज्या उत्तराची वाट पाहिली ते उत्तर समोर उभं होतं. नोंदसाहेबांनी आनंदाने हसायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या पाचावर धारण बसली.

“सोमवारी कसं शक्य आहे?” ते म्हणाले. “रजिस्टर नव्याने लिहावं लागेल. तीनशे सोळा नग. निदान दोन वर्षं तरी.”

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या हजारो चेहऱ्यांकडे त्यांनी असंच पाहिलं होतं.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हाला जायचंच नव्हतं ना?”

नोंदसाहेबांनी हातातली किटली खाली ठेवली. “जायचं होतं गं,” ते शेवटी म्हणाले. “निघायची भीती वाटते. तू नाही म्हणायचीस तोपर्यंत बरं चाललं होतं.”

बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. छत्तीस वर्षांत कधी फिरवला नव्हता इतक्या मायेने फिरवला. मग म्हणाल्या, “सोमवारी. सातला,” आणि साडी पिळायला वर गेल्या.

नोंदसाहेब ओल्या बाकावर बसून राहिले. आता हिला थांबवणारा जगात एकच माणूस होता. तो पहिल्यापासून विरोधात होता, त्याचं ती ऐकायची. ते धडपडत वर आले.

“दादा कुठं गेले?”

“घरी,” बाई म्हणाल्या. “बॅग भरायला. म्हणाला, त्या बोळात लागली तशी झोप दहा वर्षांत लागली नव्हती. तोही येतोय, सहा महिने.”