चाळीसच्या पुढे नको

गाडीचे पुढचे ब्रेक आपणच बदलायचे, असं ज्योतीरामने एका रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. चाकणच्या एका कंपनीत तो नऊ वर्षं क्वालिटीला होता आणि लोखंडाचे लहानमोठे पार्ट रोज शेकड्यांनी त्याच्या हाताखालून जात. एवढे पार्ट नापास करणाऱ्या माणसाला दोन चाकांचे ब्रेक बसवता येऊ नयेत, हे त्याला कमीपणाचं वाटत होतं. (नापास करणारं खातं वेगळं आणि बसवणारं खातं वेगळं, हे कंपनीला माहीत होतं. ज्योतीरामला कोणी सांगितलं नव्हतं.)

गाडी मिरवायला घेतलेली नव्हती. बायकोला, प्राजक्ताला, आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे करमाळ्याला, असं तिच्या वडिलांनी गृहीत धरलं होतं. ज्योतीरामला मात्र आपल्या लेकराचं पहिलं रडणं फोनवर ऐकायचं नव्हतं. तो हट्टाला पेटला, रुसला, एकदा तर न जेवता झोपला. शेवटी प्राजक्ता म्हणाली की राहीन, पण रिक्षात बसून दिघीपासून पिंपरीपर्यंतचे खड्डे मोजत मी दवाखान्यात जाणार नाही. म्हणून त्याने आळंदीच्या कस्तुराबाईंकडून त्यांच्या दिवंगत यजमानांची, भीमराजकाकांची, चंदेरी गाडी घेतली. आता येत्या शनिवारी सासरे मारुतराव गाडी बघायला येणार होते. मारुतरावांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली होती आणि एका कोंबडीलाही धक्का लावला नव्हता. गाडी त्यांच्या पसंतीला उतरली तर लेक दिघीत राहणार, नाहीतर त्यांच्यासोबत जाणार, असं फोनवर ठरलं होतं.

तर त्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्योतीरामने पुढची चाकं काढली, जुनी डिस्क काढली, नवी बसवली, नवे पॅड लावले. सगळं पुस्तकात दाखवल्यासारखं झालं. फक्त शेवटी वर्तमानपत्रावर एक वॉशर उरला. ज्योतीरामच्या कंपनीत पाळी संपताना ट्रेमध्ये एक स्क्रू जरी शिल्लक राहिला तरी भोंगा वाजतो, लाईन थांबते आणि तो स्क्रू कुठे राहिला ते सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. त्यामुळे तो वॉशर बघून त्याने आवरलेले पाने पुन्हा बाहेर काढले. अर्धा तास तो चाकापाशी उकिडवा बसून होता. अखेर ज्याच्याखाली वॉशर नाही असा एक छोटा बोल्ट त्याला सापडला. त्याने बोल्ट सोडवून त्याने धरलेला काळा तुकडा उचलला, त्या तुकड्याखाली वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि त्या रात्री तो फार समाधानाने झोपला.

सोमवारी पहिली पाळी होती. पहाटे निघाला तेव्हा धुकं इतकं होतं की समोरच्या दुकानाच्या पाट्याही दिसत नव्हत्या. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला म्हणून त्याने हळूच ब्रेक दाबला, तर ब्रेक थरथरला. थरथरला म्हणजे कसा, तर खालून कोणीतरी त्याच्या तळपायाला आपला तळपाय लावून ढकलावं तसा. सोबत करकर असा बारीक आवाजही आला. ज्योतीरामने पाय उचलला आणि खाली वाकून पाहिलं. खाली पायपुसणं होतं, आणखी काही नव्हतं.

पुढे मिलिटरीची लांब भिंत सुरू झाली. तिथल्या चिंचेपाशी मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागला. एबीएस, म्हणजे ब्रेकचा इशारा. गाडी बंद करून चालू केली तर दिवा गेला. संध्याकाळी परत येताना मात्र कंपनीच्या बाहेर जरा मोकळा रस्ता लागताच तो पुन्हा लागला. मंगळवारी सकाळी चिंचेपाशी लागला. बुधवारी त्याच चिंचेपाशी, त्याच फांदीखाली. धुक्यात भिंतीवरची तार तेवढी दिसायची, रस्त्यावर माणूस नाही, आणि मीटरमधला तो पिवळा डोळा उघडायचा. गुरुवारी ज्योतीरामच्या हे लक्षात आलं की दिवा लागतो तेव्हा काटा नेमका चाळीसच्या पुढे गेलेला असतो. घरापासून चिंचेपर्यंत गाडी चाळीसवर न्यायला जागाच नव्हती.

गॅरेजला जायची सोय त्याने ठेवली नव्हती. गॅरेजवाले काम करण्याऐवजी कामं काढतात, असं त्याने रविवारीच सोसायटीच्या चार जणांना आणि प्राजक्ताला ऐकवलं होतं. म्हणून त्याने कस्तुराबाईंना फोन लावला आणि गाडीत पूर्वी असा काही दिवा लागायचा का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दिवा न्हाई बघितला कधी," कस्तुराबाई म्हणाल्या. "आमचे हे चाळीसच्या वर गाडी न्यायचेच नाहीत. कोणी नेली तर त्यांना राग यायचा."

ज्योतीरामने विचारलं, "आणि ती मिलिटरीची भिंत आहे ना, तिथं चिंच..."

"तिथंच त्यांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली होती," त्या म्हणाल्या. "गाडी चिंचेखाली घेतली आणि मला म्हणाले, कस्तुरा, आता पुढे नको."

तेव्हा काटा कितीवर होता, असं ज्योतीरामने विचारल्यावर त्यांना त्याच्या मनातलं कळलं असावं. आम्ही असलं काही मानत नाही, माणूस गेला की गेला, तुम्ही गाडी गॅरेजला दाखवा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जिचा नवरा गेला ती बाई मानत नव्हती आणि ज्याचा कोणी गेला नव्हता तो ज्योतीराम मानत होता. शुक्रवारी तो चाळीसच्या आतच गाडी चालवत चाकणला गेला. मागे कंटेनरवाल्यांनी हॉर्न वाजवून त्याच्या घराण्याचा उद्धार केला, पण दिवा लागला नाही. ब्रेक मात्र थरथरला. म्हणजे काका रागावले नसले तरी गाडीत होते, असा हिशेब त्याने लावला. तेव्हापासून तो पाय ठेवण्याआधी हळू आवाजात "काका, ब्रेक लावतोय" असं सांगू लागला.

शनिवारी मारुतराव आले. चहा झाल्यावर ते पुढे बसले, प्राजक्ता मागे बसली आणि फेरी सुरू झाली. ज्योतीरामच्या शर्टाची पाठ पहिल्या गतिरोधकालाच भिजली. त्याने ओठ न हलवता काकांना विनवलं की आज सासरे बसलेत, आजचा दिवस सांभाळून घ्या. काकांनी सांभाळलं नाही. करकर झाली, ब्रेक थरथरला आणि मारुतरावांनी मान वळवून त्याच्या पायांकडे पाहिलं.

भिंत लागली. ज्योतीराम अडतीसवर होता. मागून एक डंपर इतका जवळ आला की आरशात फक्त त्याची जाळी दिसायला लागली. जीव वाचवायला गाडी पुढे काढली तर काटा एक्केचाळीसवर गेला आणि चिंचेखाली दिवा लागला.

"काका, चुकलो," ज्योतीराम म्हणाला. या खेपेला आवाज मोठा निघाला.

"कोण काका?" मारुतरावांनी विचारलं.

आता खोटं सुचत नव्हतं. "भीमराजकाका. गाडीचे आधीचे मालक."

"कुठं हायेत ते?"

"वारले."

मारुतरावांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, जावयाला उतरवून मागे बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मुलीला एवढंच म्हणाले, "प्राजू, घरी गेल्यावर बॅग भर." प्राजक्ता नवऱ्याकडे न बघता पोटावर हात ठेवून बसली. ज्योतीरामला वाटलं, आपलं सगळं संपलं. त्याला खरोखर रडू येत होतं, पण मागच्या सीटवर सासऱ्यांच्या आरशात रडायची त्याची छाती होईना.

मारुतरावांनी गाडी घरी नेली नाही, भोसरीत, एसटीतल्या जुन्या ओळखीच्या चिमाजी मिस्त्रीच्या गॅरेजला नेली. चिमाजीने यंत्र लावलं, बघितलं आणि म्हणाला की डाव्या पुढच्या चाकाचा गाडीला पत्ताच लागत नाही. चाक किती फिरतंय हे मोजणारा एक अंगठ्याएवढा सेन्सर तिथे असतो. तो नीट मोजत नसला की हळू थांबताना गाडीला वाटतं चाक अडकलं, म्हणून ती ब्रेकला हिसके देते. वेग वाढला की बाकीच्या तीन चाकांशी ताळा जुळत नाही, मग दिवा लावते. त्याने चाक काढलं, आत हात घातला आणि एक वॉशर बाहेर काढून तळहातावर ठेवला. सेन्सर चाकाला अगदी खेटून बसावा लागतो. वॉशरने तो दीड मिलिमीटर वर उचलला होता. तसा वॉशर नव्या पॅडच्या पाकिटात जादाच येतो.

"सेन्सरखाली वॉशर कुणी घातला?" चिमाजीने विचारलं.

कंपनीत पाव मिलिमीटरसाठी आख्खा लॉट परत पाठवणारा ज्योतीराम आपल्या चपलेकडे बघत होता. "शिल्लक राहिला होता," तो म्हणाला.

चिमाजी हसला नाही. तो त्या वॉशरकडे बघत आत निघून गेला आणि आतून बराच वेळ खोकण्याचा आवाज येत राहिला.

मग मारुतरावांनी गाडी चिंचेखालून साठने नेली, मोशीपर्यंत गेले, कचकन ब्रेक मारून पाहिले. दिवा नाही, थरथर नाही. घरी आल्यावर त्यांनी गाडीवर हात फिरवून निकाल दिला की गाडी उत्तम आहे, प्राजू इथंच राहील. ज्योतीराम त्यांच्या पाया पडला. त्याला आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला होता.

"गाडीत काय बी खोट न्हाई," मारुतराव म्हणाले, "ड्रायव्हर तेवढा बदलाय लागंल." आणि त्यांनी गावी फोन करून आपले कपडे मागवून घेतले.

पंचवीस दिवसांनी भर दुपारी प्राजक्ताला कळा सुरू झाल्या. मारुतराव स्टिअरिंगवर बसले, प्राजक्ता मागे आडवी झाली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन ज्योतीराम दाराशी बसला. गाडी सुरू होती, पण हलेना. ज्योतीराम घाबरून म्हणाला, "मामा, चला ना."

मारुतरावांनी आरशात बघितलं. "कंडक्टर, दार लागलं का बघा आणि दोनदा बेल द्या."

ज्योतीरामने दार लावलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून टपावर दोनदा थाप मारली.