शंभरावा कागद

विद्यार्थी समाधानी असतात ते स्वभावामुळे की सहभागामुळे, हे शंभर जणांकडून कागद भरून घेऊन सोमवारपर्यंत सिद्ध केलं नाही, तर गैबी मुलाणीचं एम. ए. एक वर्ष पुढे ढकललं जाणार होतं. साल चौऱ्याहत्तर. वसतिगृहाच्या खानावळीत नव्याण्णव पोरांनी रश्श्याचे डाग पाडत कागद भरून दिले. कोणी शांत, कोणी तापट, पण सहभाग आणि समाधान दोन्ही सगळ्यांचं सारखंच, म्हणजे शून्य. आता यातून निष्कर्ष काय डोंबल काढणार? गैबीचा जीव टांगणीला लागला.

शंभरावा कागद खानावळीतल्याच आकारामचा आला आणि गैबीच्या जिवात जीव आला. तास कधी चुकवला? एकही नाही. ग्रंथालय, व्हॉलीबॉल, स्नेहसंमेलन? सगळीकडे हजर. समाधान? पैकीच्या पैकी. नाव लिहू नका असं ठळक छापलेलं असूनही गड्यानं शिरोळच्या पत्त्यासकट ते लिहिलं होतं.

गैबीचे मार्गदर्शक प्राध्यापक हंबीरराव माने तर हरखूनच गेले. सहभागानं समाधान वाढतं, हाच तो पुरावा, असं म्हणून त्यांनी त्या पोराला हजेरीच्या नंबरासह समोर आणायला सांगितलं. गैबी नंबर विचारायला धावला.

"नंबर कुठला आणू?" आकाराम शांतपणे म्हणाला. "म्या हितं शिकायला न्हाय. पावणा हाय की."

दोन वर्षांपूर्वी तो चुलत भावाची ट्रंक पोचवायला आला होता. भाऊ कंटाळून पहिल्याच सहामाहीत गावी परतला, पाहुणा मात्र राहिला. जो पोरगा गावी जाई, त्याच्या ताटावर हा जेवे. गैबीनं त्याला दोन दिवस शिरोळला जाऊन राहायची गळ घातली, पण सरांनी बोलावल्यावर न जाणं आकारामच्या स्वभावातच नव्हतं.

त्याला पाहताच सर खुर्चीतून उठले. "अरे, हा तर माझ्या पहिल्या बाकावरचा!"

गैबीनं घाम पुसत सगळं कबूल केलं. सरांच्या तासाला दोन वर्षं जागं राहून मान डोलावणारा हा एकटाच होता, आणि ते त्यांना लागलं. मग त्यांनी खणातून प्रवेशाचा अर्ज काढून आकारामपुढे सरकवला. "मॅट्रिक झालायस ना? भर."

आकारामनं हात जोडले.

"नगं सर. नाव लागलं की परीक्षा आली. मग ह्या नव्याण्णवाचं शंभर व्हत्याल, आन् गैबीचा निष्कर्ष जाईल."

सरांनी अर्ज परत खणात ठेवला आणि गैबीच्या प्रबंधावर सही केली. तेवढ्यात तासाची घंटा झाली. आकाराम सरांच्या आधी वर्गात पोचला.