कीर्तीच्या खोलीतली पाल

"वाकू नकोस गं, कंबर जाईल!" वत्सलाबाई म्हणाल्या.

"वाकल्याविण तोंडांत कसें जाईल? थोडकें वाक, कीर्ति," गोमतीबाई म्हणाल्या.

एक आई, दुसरी सासू. कीर्ती दोघींचं मन राखायला अर्धी वाकली आणि बाळाने तोंड फिरवून भोकाड पसरलं.

दवाखान्यातून कुंभकोणमच्या घरी आल्यापासून हेच चाललं होतं. पोर छातीला लागायचं, दोनदा ओढायचं, सुटायचं आणि कुणी फसवल्यासारखं किंचाळायचं. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन जरा जास्तच उतरलंय, उद्या पुन्हा बघू, नाहीतर थोडं वरचं दूध देऊ. त्या हे सहज म्हणाल्या. कीर्तीला मात्र ते सहज घेता आलं नव्हतं. वरच्या दुधाशी तिचं वैर नव्हतं. पण आपलं पोर आपल्याच कुशीत उपाशी राहतंय, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.

मदतीला माणसं होती, तीच जरा जास्त होती. बार्शीहून आलेल्या वत्सलाबाई अळिवाचे लाडू भरवत होत्या, गोमतीबाई दुधात शिजवलेला लसूण. दोघी बोलत मराठीच, पण गोमतीबाईंच्या घराण्याची मराठी तंजावरच्या राजांबरोबर इकडे आली ती परत गेलीच नाही, त्यामुळे वत्सलाबाईंना विहिणीशी बोलताना पोथी ऐकल्यासारखं वाटे. तमिळ तर त्यांना मुळीच येत नव्हतं. 'वंदाच्चा' म्हणजे 'आलं का' आणि 'वरुम' म्हणजे 'येईल', एवढं मात्र रिक्षाची वाट बघून बघून त्या शिकल्या होत्या.

तेवढ्यात शेजारच्या नागलक्ष्मी आल्या. दारातूनच त्यांनी कीर्तीच्या पदराकडे बोट दाखवलं आणि काळजीने मोठ्यांदा विचारलं, "पाल? पाल वंदाच्चा?"

तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. हे गोमतीबाईंना ठाऊक होतं, चेन्नईत नोकरी केलेल्या कीर्तीलाही ठाऊक होतं. वत्सलाबाईंना नव्हतं. आणि वत्सलाबाई वाघाला भ्यायल्या नसत्या इतक्या पालीला भीत.

"अगं बाई! पदरावर पाल!" त्या ओरडल्या आणि त्यांनी कीर्तीचा पदर धरून असा झटकला की बाळासकट ती बाजेवर हलली. बाळाने वरचा सूर लावला.

नागलक्ष्मींना वाटलं, दूध नाही म्हणून बिचारी आजी पार कोलमडली. त्या धीर द्यायला पुढे सरसावल्या. "पाल वरुम, मामी! वरुम, वरुम!"

"येणार म्हणतेय!" वत्सलाबाई खुर्चीवर चढल्या. "कुठून येणार हो?"

"निरैय वरुम!" भरपूर येईल, असं सांगत नागलक्ष्मींनी दोन्ही हात फाकवले.

"एवढी मोठी!" वत्सलाबाईंचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

आरडाओरडा ऐकून बाहेर कॉफी पीत बसलेले सासरकडचे व्यंकोबाकाका केरसुणी घेऊन धावत आले. बाळ बघायला ते तिरुविसनल्लूरहून आले होते. "पाल पडली कीं काय? अंगावर पडली? उजवीकडे कीं डावीकडे?" केरसुणी काखेत मारून त्यांनी चष्मा लावला आणि फोनवर पंचांग उघडलं. "बाळंतिणीस फळ निराळें असतें. नीट सांगा."

"उजवीकडे!" वत्सलाबाई खुर्चीवरून म्हणाल्या. त्यांनी पाल पाहिलीच नव्हती, पण विचारल्यावर काहीतरी सांगायला हवं होतं.

"उजवीकडे जाली तर लाभ," काकांनी वाचलं. "तरी मारूं नये. हाकलूं."

मग काकांनी केरसुणीने कपाट बडवलं. नागलक्ष्मी काही न समजता बाजेखाली वाकून बघू लागल्या. बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं. कीर्तीने "अहो, पाल म्हणजे..." एवढं म्हटलं आणि तिला हुंदकाच फुटला. 

गोमतीबाईंनी सुनेचं तोंड पाहिलं. मग केरसुणी पाहिली, खुर्चीवरची विहीण पाहिली, बाजेखालची शेजारीण पाहिली. आपण स्वतः सकाळपासून काय करत होतो, हेही त्यांना बहुधा दिसलं असावं.

"पाल कपाटामागें आहे," त्या ठामपणे म्हणाल्या. "गलबला जाल्यास ती निघणार नाहीं. अस्के जण बाहेर चला."

"अहो, पण बाळ?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"बाळ आईपाशीं आहे. तुम्ही पाय जपून उतरा, विहीणबाई."

दार लागलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज आणि बाळाचं रडणं राहिलं. वाक म्हणणारं कुणी नव्हतं, वाकू नको म्हणणारंही नव्हतं. कीर्ती उशीला टेकून निवांत रेलली आणि तिने बाळाला तसंच छातीवर पालथं घेतलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला खूप भीती वाटत होती आणि आता ती भीती लपवायचीही गरज नव्हती.

रडणं हळूहळू कमी झालं. बाळाने मान इकडेतिकडे घुसळली, हनुवटी टेकवली, चांगला मोठा आ वासला आणि स्वतःच छातीला लागलं. एकदा, दोनदा, तीनदा ओढलं. या वेळी सुटलं नाही. थोड्या वेळाने एक बारीकसा आवाज आला, मग पुन्हा आला. पोर गिळत होतं. कीर्तीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नसल्याचा तिला आनंद झाला.

दार बोटभर उघडलं. गोमतीबाईंनी आत डोकावून पाहिलं, बाळाचा हलणारा गाल पाहिला आणि दार अलगद लावून घेतलं.

"काय झालं हो?" बाहेर वत्सलाबाईंनी घाबरत विचारलं.

"एन्न आच्चु, मामी?" नागलक्ष्मींनीही तेच विचारलं.

गोमतीबाईंनी दारापाशी पाट ओढला आणि त्यावर ठाण मांडलं. दोघींना मिळून त्यांनी एकच उत्तर दिलं.

"पाल आली."

नागलक्ष्मींना 'पाल' एवढंच पुरलं, त्यांनी आकाशाकडे बघून हात जोडले. वत्सलाबाईंनी दोन्ही पाय बाकावर घेतले आणि संध्याकाळपर्यंत त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत.